मूल होत नसेल तर तपासणी दोघांची



या वेळच्या अभ्यासासाठी मी असा विषय घेतला आहे, ज्याबद्दल आपण मंडळीत मोठ्याने बोलत नाही. लग्नाला दोन-तीन वर्षे होतात, घरात पाळणा हलत नाही आणि कुजबुज सुरू होते. महिला सभेत प्रार्थनेसाठी चिठ्ठी येते, "अमक्या ताईंना मूल व्हावे म्हणून प्रार्थना करा." चिठ्ठीवर नाव बाईचे असते. इतक्या वर्षांत माझ्या हाती आलेल्या अशा चिठ्ठ्यांमध्ये पुरुषाचे नाव मी एकदाही वाचलेले नाही.

मूल न होण्याची कारणे कोणती, ती कशी शोधतात आणि त्यात आपले कर्तव्य काय, हे आज आपण पाहू. आधी माझी स्वतःची एक चूक सांगते.

दीड वर्ष वाया गेले

काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची तरुण सून आमच्या सभेत येऊ लागली. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. लग्नाला चार वर्षे झाली होती. सासू वाईट नव्हती, पण शेजारणी बोलत. वरपक्षाने देज दिलेले, त्यामुळे दिरांच्या तोंडी दुसरी बायको करण्याची भाषा येऊ लागली होती. मी तिला तालुक्याच्या गावी नेले. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. सगळे ठीक निघाले. मग जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन गर्भनलिकांचा एक्स-रे काढला. आधी जीप, मग एसटी, वर एक मुक्काम. तिची तीन दिवसांची मजुरी बुडाली, दुखले ते वेगळेच. तोही रिपोर्ट ठीक आला. मी तिला म्हटले, "बाई, धीर धर, आपण आणखी प्रार्थना करू." असे दीड वर्ष गेले.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी फाइल चाळून मला विचारले, "नवऱ्याचा रिपोर्ट कुठे आहे?"

तो नव्हताच, कारण मी तो मागितलाच नव्हता. मी समाजकार्यकर्ती, ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केलेली, स्त्री-पुरुष समानतेवर गावोगाव बोलणारी. तरी नवऱ्याला तपासायचे असते हे माझ्या मनात आले नाही. ती तपासणी स्वस्त असते आणि तिच्यात सुईही टोचावी लागत नाही.

नवऱ्याला तयार करायला आणखी काही महिने लागले. त्याच्या वीर्यात एकही शुक्राणू सापडला नाही. काही आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेच आले. आश्रमशाळेत दहावीत असताना त्याला गालगुंड झाले होते आणि दोन्ही बाजूंचे अंडकोष सुजले होते. ताप उतरला, सूज गेली आणि सगळे विसरले.

दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. मग त्याने भावांना बसवून सांगितले, "कमी हिच्यात नाही, माझ्यात आहे." दुसऱ्या बायकोची भाषा त्या दिवशी थांबली. त्यांना आजही मूल नाही. पण ती आता सभेत मागच्या भिंतीला टेकून बसत नाही.

तिची ती दीड वर्षे मला परत करता येत नाहीत. दुसऱ्या कोणाची तशी जाऊ नयेत म्हणून हे लिहीत आहे.

वंध्यत्व कशाला म्हणावे?

पतिपत्नी एकत्र राहत आहेत, गर्भनिरोधक वापरत नाहीत, त्यांचे संबंध नियमित आहेत आणि तरी एक वर्षात गर्भ राहिला नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे ते वंध्यत्व होय. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर वर्षभर थांबू नये, सहा महिन्यांतच डॉक्टरांकडे जावे. पाळी फार अनियमित असेल, दोघांपैकी कोणाला क्षयरोग होऊन गेला असेल, किंवा पोटाचे अथवा अंडकोषाचे ऑपरेशन झाले असेल, तर त्याहून लवकर.

एक मूल झाल्यावर किंवा गर्भपात झाल्यावर पुढे दिवस जात नाहीत, असेही होते. त्याला दुय्यम वंध्यत्व म्हणतात. "एक झाले ना, मग हिला काय झाले?" असे म्हणून ते झटकून टाकू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. श्रीमंत आणि गरीब देशांत या प्रमाणात फारसा फरक नाही. म्हणजे आपल्या प्रत्येक मंडळीत अशी जोडपी आहेत. ती गप्प असतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

व्याख्येतला "एकत्र राहत आहेत" हा भाग आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. आपले पुष्कळ तरुण दिवाळीनंतर सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला किंवा बांधकामावर जातात. ऊसतोडीला पुष्कळदा जोडीने जातात, पण बांधकामावर अनेकदा नवरा एकटाच जातो. म्हणून लग्नाला किती वर्षे झाली हे विचारण्याआधी दोघे प्रत्यक्ष किती महिने एकत्र राहिले ते विचारावे.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण एक दिवसच जगते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. त्यामुळे एका महिन्यात गर्भ राहू शकेल असे दिवस सहाच्या आसपास असतात. २८ दिवसांनी येणारी पाळी असेल, तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ते बहुधा नवव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान येतात. या काळात एक दिवसाआड संबंध आले तरी पुरतात. होळीला आठ दिवस घरी आलेल्या नवऱ्याच्या मुक्कामात हे दिवस आलेच नाहीत, तर दोघांपैकी कोणाच्याही शरीरात काही कमी नसताना वर्ष जाऊ शकते.

गर्भ राहण्यासाठी चार गोष्टी लागतात

पहिली, दर महिन्याला बीजांडकोशातून तयार बीज बाहेर पडणे. दुसरी, बीज आणि शुक्राणू जिथे भेटतात त्या गर्भनलिका मोकळ्या असणे. तिसरी, पुरेशा संख्येचे आणि नीट हालचाल करणारे शुक्राणू. चौथी, गर्भाला रुजू देणारे गर्भाशय. यांपैकी कुठेही अडथळा आला तर गर्भ राहत नाही. चारपैकी तीन गोष्टी पत्नीच्या शरीरात आहेत, म्हणून लोकांची नजर तिच्याकडे जाते. पण तिसरीचे वजन मोठे आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारणाचा, एकट्याचा किंवा पत्नीकडील कारणाबरोबर, वाटा असतो.

स्त्रियांमधील कारणे

बीज वेळेवर न सुटणे हे नेहमी आढळणारे कारण आहे. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येते, चेहऱ्यावर केस वा मुरुमे वाढतात, वजन वाढते, ही पीसीओएसची लक्षणे. सडपातळ बाईलाही पीसीओएस असू शकतो. थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन या संप्रेरकांतल्या बिघाडानेही बीज सुटत नाही, आणि हे गोळ्यांनी बहुधा सुधारते. आपल्याकडच्या पुष्कळ स्त्रियांचे वजन फार कमी असते, हेही लक्षात ठेवावे. शरीराला अन्नच पुरेसे नसेल तर पाळी थांबू शकते.

नळ्या बंद होणे हे दुसरे मोठे कारण. बाळंतपणात किंवा गर्भपातात स्वच्छता राहिली नाही तर जंतू वर चढतात, नळ्यांना सूज येते आणि त्या आतून चिकटतात. लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गानेही असेच होते. अंगावरून दुर्गंधीचे पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे याकडे म्हणूनच दुर्लक्ष करू नये. संसर्ग आढळला तर औषध पतिपत्नी दोघांनाही घ्यावे लागते. एकट्या बायकोने घेतले तर तो पुन्हा होतो. सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये हे उपचार मोफत मिळतात.

पाळीत असह्य दुखणाऱ्या काही स्त्रियांमध्ये गर्भाशयाचे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढलेले असते. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. काहींच्या गर्भाशयात गाठ किंवा जन्मजात पडदा असतो. वारंवार क्युरेटिंग केल्याने आतले अस्तर चिकटते असेही होते. वयाचाही भाग आहे. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि गुणवत्ता झपाट्याने कमी होते.

क्षयरोग: न खोकता होणारा

आपल्या देशात नळ्या खराब होण्यामागे क्षयरोग हे महत्त्वाचे कारण आहे, आणि लोकांना तेच सर्वांत कमी माहीत आहे. क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे गर्भनलिका व गर्भाशयापर्यंत पोहोचतात. या वेळी खोकला किंवा ताप असतोच असे नाही. पाळी कमी होणे, ओटीपोटात मंद दुखणे आणि मूल न होणे एवढेच दिसते. कधी तेवढेही दिसत नाही. निदानासाठी गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत तपासतात. गरज वाटल्यास दुर्बिणीतून पाहतात.

उपचार किमान सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी कार्यक्रमात तो पूर्ण मोफत आहे. पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात पैसेही जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला १००० रुपये आहे. पण औषधाने जंतू मरतात, खराब झालेली नळी पुन्हा पूर्वीसारखी होईलच असे नाही. म्हणून घरात कोणाला क्षय झाला असेल तर तिथल्या तरुण मुलीची आणि सुनेची तपासणी वेळेत व्हावी.

पुरुषांमधील कारणे

शुक्राणूंची संख्या कमी असणे, हालचाल मंद असणे, किंवा शुक्राणू मुळीच नसणे, असे तीन प्रकार आढळतात. अंडकोषातील शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील, हे त्यामागचे नेहमीचे कारण आहे आणि काही पुरुषांत ते ऑपरेशनने सुधारते. लहानपणी अंडकोष खाली न उतरणे हे आणखी एक. मुलाची आंघोळ घालताना आईच्या ते लक्षात येऊ शकते. सहा महिन्यांचा झाला तरी दोन्ही गोळ्या हाताला लागत नसतील तर बाळाला डॉक्टरांना दाखवावे. वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडात अंडकोष सुजू शकतात. बहुतेकांना त्यामुळे पूर्ण वंध्यत्व येत नाही, पण दोन्ही बाजूंना इजा झाली तर येऊ शकते. संसर्गाने शुक्राणूंची वाट बंद होते. विडी, तंबाखू आणि अति दारू यांचाही शुक्राणूंवर परिणाम होतो. भट्टीजवळ सतत काम करणाऱ्यांना उष्णता बाधते.

पुरुष तपासणीला का तयार होत नाहीत? त्यांना वाटते की ही मर्दानगीची परीक्षा आहे. तसे नाही. संबंध पूर्ण समाधानाने येत असलेल्या, अंगाने धडधाकट पुरुषाच्याही वीर्यात शुक्राणू नसू शकतात. वीर्य दिसते, शुक्राणू डोळ्यांनी दिसत नाहीत. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. उलट, काही जोडप्यांत संबंधच नीट येत नाहीत आणि लाजेपायी दोघेही सांगत नाहीत. त्यावरही उपचार आहेत. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

सिकलसेलबद्दल दोन शब्द

नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्यात सिकलसेल पुष्कळ आहे, म्हणून लोक विचारतात की मूल न होण्याचे कारण तेच तर नाही? जो केवळ वाहक आहे त्याला त्यामुळे वंध्यत्व येत नाही. प्रत्यक्ष आजार असलेल्या पुरुषांत शुक्राणू कमी असू शकतात. आजारासाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीयुरिया गोळीनेही ते कमी होऊ शकतात. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मूल हवे आहे हे डॉक्टरांना सांगून त्यांचा सल्ला घ्यावा.

तरीही मूल हवे असणाऱ्या प्रत्येक जोडप्याने ही तपासणी आधी करून घ्यावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. आदिवासी भागात त्याखाली मोफत तपासणी होते.

तपासणीचा क्रम

सोपी आणि स्वस्त तपासणी आधी, त्रासाची आणि खर्चाची नंतर. हा क्रम पाळला तर पैसे वाचतात आणि पत्नीचा त्रासही वाचतो. सुरुवात आशाताईंना विचारून जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातून करता येते.

१. बोलणे. डॉक्टरांनी दोघांशी एकत्र आणि मग वेगवेगळे बोलावे. जाताना मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा, जुने कागद, चालू औषधांची यादी आणि सिकलसेलचे कार्ड बरोबर न्यावे. नंतर दोघांचीही शारीरिक तपासणी होते.

२. पतीची वीर्यतपासणी. आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध ठेवू नयेत. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या डबीतच घ्यावा. साबण, तेल किंवा साधा कंडोम वापरू नये. नमुना एका तासाच्या आत तपासायला हवा. पाड्यावरून प्रयोगशाळा दोन तासांवर असते, म्हणून तो तिथेच जाऊन द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे प्रमाणाची खालची मर्यादा अशी आहे: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, आणि त्यांपैकी ४२ टक्के हलणारे. आकडा याहून कमी आला म्हणजे मूल होणारच नाही, असे नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी आलेल्या मोठ्या तापाचाही रिपोर्टवर परिणाम दिसतो. एका खराब रिपोर्टवर निर्णय करू नये, पुन्हा तपासावे.

३. पत्नीची रक्ततपासणी. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, प्रोलॅक्टिन. बीज सुटते की नाही हे पाहायला पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉन तपासतात. २८ दिवसांच्या पाळीत तो एकविसावा दिवस येतो. एचआयव्ही आणि गरमीची तपासणी दोघांची होते.

४. सोनोग्राफी. गर्भाशयातील गाठी, बीजांडकोश आणि बीजाची वाढ यात दिसते. बंद नळी मात्र साध्या सोनोग्राफीत बहुधा कळत नाही.

५. नळ्यांचा एक्स-रे, ज्याला डॉक्टर एचएसजी म्हणतात. पाळी संपल्यावर, बीज सुटण्याच्या आधी तो काढतात. गर्भाशयात औषध सोडून ते नळ्यांतून पुढे जाते का, हे पाहतात. त्यात पोटात कळ येते. पतीचा रिपोर्ट हाती नसताना बाईला या टेबलावर झोपवू नये. मी तेच केले होते.

६. दुर्बिणीची तपासणी, म्हणजे लॅप्रोस्कोपी. भूल द्यावी लागते, म्हणून ती आधीच्या तपासण्यांवरून गरज दिसली तरच करतात.

एवढे सगळे करूनही काही जोडप्यांत कारण सापडत नाही. कारण सापडले नाही म्हणजे शाप आहे, असे नव्हे. आजच्या तपासण्यांना ते दिसले नाही, इतकेच. अशा जोडप्यांपैकी काहींना पुढे उपचाराशिवायही मूल होते.

"गॅरंटी" शब्दापासून दूर राहा

मूल होण्याची गॅरंटी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. भगत देतो, पाटी नसलेला वैदू देतो आणि काही वेळा, खेदाने सांगते, आपल्यातलाच एखादा प्रार्थना करणाराही देतो. "तुझा विश्वास कमी पडला," हे वाक्य मी मूल नसलेल्या स्त्रियांच्या तोंडून त्यांना मिळालेले उत्तर म्हणून ऐकले आहे. वांझ म्हणण्यापेक्षा ते कमी क्रूर नाही.

टेस्ट-ट्यूब पद्धतीचा सल्ला मिळाला तर केंद्र नोंदणीकृत आहे का, हे आधी विचारावे. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे. शेत गहाण टाकण्याआधी खर्च किती, यश मिळण्याची शक्यता किती आणि हे न करता दुसरा उपाय आहे का, हे तीन प्रश्न दोघांनी मिळून विचारावेत.

आपल्या डोंगरात मूल नसलेल्या बाईला, विशेषतः ती विधवा झाली तर, डाकीण ठरवण्याचे प्रकार घडले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली असे करणे गुन्हा आहे. असे काही कानावर आले तर पाळकसाहेबांनी आणि वडीलजनांनी पोलीस पाटलांकडे जाण्यास उशीर करू नये.

पवित्र शास्त्रातील दोन घरे

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील हन्ना आपल्या सर्वांना माहीत आहे. तिला मूल नव्हते. सवत तिला डिवचत असे. पती एलकाना तिच्यावर प्रेम करी, तरी तिच्या दुःखाची खोली त्याला कळली नाही. मंदिरात ती ओठ हलवून रडत प्रार्थना करत होती, तेव्हा एली याजकाला वाटले की ती प्यायली आहे. देवाच्या घरात बसलेल्या माणसाने तिला चुकीचे वाचले. ही गोष्ट सांगताना आपण लगेच शमुवेलाच्या जन्मावर जातो. या वेळी एलीपाशी थोडे थांबू या, कारण मंडळी म्हणून आपली जागा पुष्कळदा त्याच्या खुर्चीत असते. त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. तिने समजावून सांगितल्यावर त्याने ऐकले आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवले.

दुसरे घर जखऱ्या आणि अलीशिबेचे. लूक आधी सांगतो की दोघेही देवाच्या दृष्टीने नीतिमान होते, आणि मग सांगतो की त्यांना मूल नव्हते. हा क्रम ध्यानात ठेवावा. मूल नसणे ही पापाची शिक्षा असती तर त्याने असे लिहिले नसते. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाबद्दलही शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? प्रभूने दोन्ही नाकारले. आपण मात्र आजही तोच प्रश्न विचारतो आणि उत्तर म्हणून सुनेकडे बोट दाखवतो.

प्रार्थना आणि तपासणी या एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. पौलाने लूकाला प्रिय वैद्य म्हटले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सत्य पाहिल्याने विश्वास कमी होत नाही. आमच्या त्या पाड्यावर खरी गोष्ट बाहेर आल्यामुळेच एका बाईचे घर टिकले.

मंडळीने काय करावे?

प्रार्थनेच्या चिठ्ठीवर दोघांची नावे लिहावीत, तीही त्यांची परवानगी घेऊन. सर्वांसमोर नाव पुकारले जावे असे सगळ्यांनाच वाटत नाही.

लग्नाआधीच्या समुपदेशनात सिकलसेल तपासणी आणि वंध्यत्वाची ही प्राथमिक माहिती द्यावी. पुढे गरज पडली तर दोघेही तपासणी करू, हे नवरदेवाने तेव्हाच ऐकलेले असावे. पुरुषांच्या सभेत हा धडा पुरुषानेच शिकवावा.

मातृदिनाच्या रविवारी आपण मातांना पुढे बोलावून फूल देतो. त्या वेळी बाकावर बसून राहिलेल्या भगिनींकडे एकदा पाहा. फूल प्रत्येक स्त्रीला देता येईल.

ज्यांना पुढे दत्तक घ्यायचे असेल त्यांनी हे जाणून घ्यावे. पूर्वी ख्रिस्ती जोडप्यांना वैयक्तिक कायद्याने केवळ पालकत्व घेता येत असे. आता बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार कोणत्याही धर्माच्या जोडप्याला कायदेशीर दत्तक घेता येते. त्यासाठी किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन लागते आणि नोंदणी सरकारी यंत्रणेमार्फतच करावी लागते. नातेवाइकाने किंवा दवाखान्यातल्या कोणी परस्पर दिलेले मूल घेऊ नये.

आणि जे या कामाला हातभार लावतात त्यांना एक विनंती. रुग्णासाठी प्रवासखर्च देताना आपण एका माणसाचे भाडे धरतो. मूल न होणाऱ्या जोडप्यासाठी दोघांचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी धरा. नवरा बरोबर न येण्याचे कारण दर वेळी लाज नसते, कधी खिशात पैसेच नसतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत मूल नसलेल्या जोडप्याशी आपण कसे बोलतो? शेवटचे वाक्य आठवून पाहा.

२. एली याजकाची चूक काय होती, आणि ती त्याने कशी सुधारली?

३. पतीची तपासणी आधी का करावी? कोणतीही दोन कारणे सांगा.

४. आपल्या गावाजवळ ही तपासणी कुठे होते, हे पुढच्या सभेपूर्वी कोण शोधून काढेल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की ते पाळकसाहेबांच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी एखादी सून चिठ्ठी घेऊन येईल तेव्हा तिच्यासाठी प्रार्थना करा, आणि मग प्रेमाने विचारा, "तुमचे हे कधी येतील? दोघांनी मिळून जाऊन या."

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.